जिमखाना हा शब्द नक्की कुणाचा?

भांबुर्डेकर
मंडळी, हनुमान टेकडीवरच्या आमच्या सकाळच्या कट्ट्यावर सध्या जिमखाना या शब्दावरून जुंपलीय. एक गट म्हणतो शब्द इंग्रजी, ऑक्सफर्डच्या डिक्शनरीत आहे, विषय संपला. दुसरा गट म्हणतो खाना आलं की ते फारसी, दवाखाना कारखाना तसाच जिमखाना, म्हणजे शब्द आपल्या घरातला. तिसरा गट म्हणजे एकटे आमचे बँकेतून निवृत्त झालेले काका, त्यांचं म्हणणं जिम इंग्रजी, खाना फारसी, दोन्ही उचलून खिचडी केली आणि ती पुणेकरांनीच केली कारण डेक्कन जिमखाना पुण्यात आहे. आता यावर काय बोलणार. जाणकारांनी जरा सविस्तर लिहा, आणि कृपा करून गुगलची पहिली ओळ इथे आणून चिकटवू नका, ती आम्ही सगळ्यांनी वाचून झालीय.

गोट्या_कोथरूड
सोप्पंय की. सकाळी जिम, मग गुडलकला बनमस्का म्हणजे खाना. जिम अधिक खाना. धागा बंद करा.

शब्दखोर
गोट्याला चहा द्या कुणीतरी.

भांबुर्डेकर, कट्ट्यावरचे तिन्ही गट थोडे थोडे बरोबर आहेत, फक्त काकांचा "जिम" गंडलाय. जिमखान्यातला जिम हा मुळात जिम नाहीच, तो गेंद आहे. गेंद म्हणजे चेंडू. हिंदीत झेंडूच्या फुलाला गेंदा म्हणतात तोच हा गेंद.

यूल आणि बर्नेल या दोघांनी १८८६ साली हॉब्सन-जॉब्सन नावाचा जाडजूड कोश काढला, हिंदुस्थानात राहून साहेबांच्या इंग्रजीत जे देशी शब्द घुसले त्यांचा. त्यात जिमखान्याची नोंद आहे आणि मजा म्हणजे ते तिथे लिहितात की हा शब्द अगदी नवा, चाळीस वर्षांपूर्वी कुणाला ठाऊकही नव्हता. सगळ्यात जुना वापर त्यांना सापडला तो रुरकीचा, साल १८६१. पण शब्द जन्मला असावा आपल्या मुंबई इलाख्यात असं त्यांचं मत, आणि मूळ बहुधा गेंदखाना. इंग्रजांच्या रॅकेट कोर्टाला इथले लोक गेंदखाना म्हणायचे.

आता रॅकेट कोर्ट म्हणजे काय तर चार भिंती आणि आत भिंतीवर कडक चेंडू हाणायचा खेळ. स्क्वॉश त्याच्याच पोटातून निघाला. जिथे जिथे गोरी पलटण तिथे तिथे हे असं काहीतरी बांधलेलं असायचं. साहेब त्याला रॅकेट कोर्ट म्हणणार, पण तिथला झाडूवाला, माळी, चेंडू आणून देणारी पोरं, त्यांना काय दिसतंय, चार भिंतींची एक खोली आणि आत साहेब चेंडूमागे पळतोय. हत्तींची जागा हत्तीखाना तर चेंडूची गेंदखाना, सरळ हिशोब. मग साहेबाच्या कानावर पडलं गेंद, आणि तो ज्या पब्लिक स्कुलातनं आलेला तिथे जिम्नॅस्टिक्सला लाडानं जिम म्हणत, त्यामुळे त्याला ऐकू आलं जिम. झाला जिमखाना. म्हणजे शब्द नोकरांनी पाडला, मालकांनी चुकीचा ऐकला आणि चुकीचा ऐकलेलाच डिक्शनरीत गेला.

ह्याला लोकव्युत्पत्ती म्हणतात, अनोळखी तुकडा कानावर आला की माणूस त्याजागी ओळखीचा तुकडा बसवतो. रात्री गेटवरचा इंग्रज शिपाई "हू कम्स देअर" ओरडायचा त्याचा आपल्या लोकांनी "हुकुमदार" केला तो प्रकार उलट्या दिशेनं. आणि त्या कोशाचं नावसुद्धा तसंच आहे, मोहरममधला "या हसन, या हुसैन" हा आक्रोश सोल्जरांच्या कानात शिरला तो हॉब्सन-जॉब्सन होऊन.

नेटकी_बाई
छान लिहिलंत. खान्याबद्दल माझी भर. फारसीत खाना म्हणजे घर किंवा जागा, जेवणाशी काहीएक संबंध नाही (गोट्या ऐकतोयस ना). पेशवाईतल्या कागदांत तर खान्यांचा नुसता सुकाळ आहे, जामदारखाना, तोफखाना, नगारखाना, मुदपाकखाना, आणि पर्वतीच्या पायथ्याला शिकारखाना होता, तिथे वाघ वगैरे पाळलेले. आपल्या फरासखान्यात आज पोलीस बसतात पण फरास म्हणजे बिछायती, तंबू, जाजमं, त्यांचं कोठार ते फरासखाना. म्हणजे पुणेकराला खाना लावून नवा शब्द करणं हे शिकवावं लागतच नव्हतं.

आणखी एक निरीक्षण. जिमखाना हा शब्द मराठीत परका वाटतच नाही याचा पुरावा त्याच्या सामान्यरूपात आहे. आपण जिमखान्यात, जिमखान्याला, जिमखान्याचा म्हणतो, कारखान्यासारखं. इंग्रजीतून आलेला सिनेमा मात्र सिनेमाला, सिनेमात असाच राहतो, सिनेम्यात कोणी म्हणत नाही.

मु_पो_नारायणपेठ
आमचे आजोबा सिनेम्यातच म्हणायचे.
आणि कॅमेऱ्यात? सोफ्यावर? तेही इंग्रजीतनंच आलेत की. पाहुणा आहे की घरचा हे सामान्यरूपावरून ठरवायचं तर सोफा पेशवाईतला निघेल.

नेटकी_बाई
नारायण पेठेतून हे येणार याची खात्री होती. सोफा, कॅमेरा रोज हाताळून रुळले म्हणून त्यांना य लागला, हे मान्य. पण जिमखान्याला रुळायला वेळच लागला नाही, कारण शेपूट ओळखीचं होतं. हा फरक आहे. पिझ्झ्यावर का पिझ्झावर हा वाद वेगळ्या धाग्यात घालू, तिथे मी पिझ्झ्याच्या बाजूने.

सरेकर_मावशी
मी इंग्लंडात, लंडनच्या खाली सरेमधे राहते, माहेर प्रभात रोड. इथे नवीन असताना गावात शेताच्या कुंपणाला बोर्ड लावलेला, "रविवारी जिमखाना, सर्वांचे स्वागत". मला इतकं भरून आलं, म्हटलं इथेही जिमखाना, चला टेबलटेनिस तरी असेल. कॅनव्हासचे शूज घालून गेले. तर काय, सगळा चिखल, लीद आणि आठ-दहा वर्षांच्या पोरी ठेंगण्या तट्टांवर बसलेल्या!

तर इथे जिमखाना म्हणजे जागा नव्हेच, तो कार्यक्रम असतो. मुलांच्या घोडेस्वारीच्या शर्यतींचा. इथल्या डिक्शनऱ्यांत पण तोच अर्थ. आणि शर्यती कुठल्या ऐका, चमच्यात अंडं घेऊन तट्टावरून पळायचं म्हणजे आपली लिंबू-चमचा, मग पोत्यातली शर्यत, मग संगीत खुर्ची सुद्धा असते, खुर्च्यांच्या जागी पोती अंथरलेली. बेंडिंग म्हणून एक असते ती बघायला सगळ्यात भारी. जमिनीत एका ओळीत उभे बांबू रोवलेले, त्यांच्यातनं नागमोडी जायचं, शेवटच्याला वळसा घालायचा आणि तसंच नागमोडी परत, बांबू पाडला की बाद. एक पोरगी आली, तिचं तट्टू दुसऱ्या बांबूपाशी थांबलं आणि शांतपणे गवत खायला लागलं, ती बिचारी टाचा मारतेय, आई कुंपणापलीकडून किंचाळतेय, तट्टू ढिम्म. पोनी क्लब म्हणून संस्था आहे इथे १९२९ पासूनची, त्यांच्या शाखा गावोगाव हे भरवत असतात.

शेजारणीला सांगितलं की जिमखाना आमच्याकडचा शब्द, तर ती म्हणाली हो का, मला वाटलं वेल्श असेल.

भांबुर्डेकर
मावशी! वेल्श! हे उद्या कट्ट्यावर नक्की.
पण चेंडूच्या खोलीतनं घोडे कुठनं आले?

शब्दखोर
मधे कँटोन्मेंट आलं. गेंदखाना एका खेळाची खोली होती, जिमखाना झाल्यावर त्याचा संसार वाढला. हॉब्सन-जॉब्सनमधेच १८७७ सालचा एका वर्तमानपत्राचा उतारा दिलाय त्यात क्रिकेट क्लबानं जिमखानावाल्यांचे खेळ आपल्या कार्यक्रमात सामील करून घ्यायची चर्चा आहे, आणि स्केटिंगची जागा, लॉन टेनिस, बॅडमिंटनची कोर्टं बांधायचा बेत. म्हणजे छावणीतल्या सगळ्या गोऱ्या करमणुकीची एक जागा. आता पलटणीत करमणूक म्हटलं की घोडा आलाच, पोलो, नेजाबाजी (घोडा पळवत भाल्यानं जमिनीतली खुंटी उचलणं), आणि गंमतीच्या शर्यती. त्या दिवसालाच जिमखाना म्हणायला लागले. कोश लिहिला तेव्हाच हा "भरवायचा" अर्थ माल्टापर्यंत पोचला होता असं त्यांनी नोंदवून ठेवलंय. साहेब घरी गेला तेव्हा इमारत काही बोटीत घालून नेता येत नव्हती, कार्यक्रम नेता आला. म्हणून तिकडे जिमखाना भरतो आणि आपल्याकडे जिमखाना असतो.

चारचाकी_पुणेरी
अरे मग माझ्या जिमखान्याचं काय? आम्हा गाडीवाल्यांत जिमखाना म्हणजे मोकळ्या डांबरी पटांगणात शंकू मांडायचे आणि त्यांच्यातनं गाडी घसरवत, हँडब्रेक ओढत, वळसे घेत कमीत कमी वेळात बाहेर काढायची. केन ब्लॉक म्हणून अमेरिकन रॅली ड्रायव्हर होता, त्याचे व्हिडिओ २००८ पासून यूट्यूबवर आले आणि जगभरच्या पोरांना शब्द कळला. बिचारा २०२३ च्या जानेवारीत बर्फावरच्या स्कूटरच्या अपघातात गेला. पण त्याच्या आधीपासून जपानमधे हा रीतसर मोटारस्पोर्ट आहे, ते जिमुकाना म्हणतात. मी इतकी वर्षं समजत होतो शब्द जपानी आहे.

आत्ता वाचताना टाळकं हललं, मावशींचे बांबू म्हणजे आमचे शंकूच की. तट्टाच्या जागी गाडी.

शब्दखोर
तेच ते. घोड्याच्या बेंडिंगचा पाया, वर इंजिन बसवलं. अमेरिकेतही काही भागांत घोड्यावरून पिंपांना वळसे घालायच्या शर्यतींना जिमखानाच म्हणतात.

जर्मनवाली
जिम वरून एक सांगू का, थोडं अवांतर आहे पण इथेच शोभेल. मी मॅक्समुल्लर भवनात जर्मन शिकले तेव्हा पहिल्याच पुस्तकात एक मुलगा सांगतो मी गिम्नाझियुमला जातो. आमच्या वर्गात एकानं लगेच दंड फुगवून दाखवला. तर जर्मनीत गिम्नाझियुम म्हणजे शाळा! दहाएक वर्षांची मुलं जातात आणि पुढे युनिव्हर्सिटीला जायची तयारी तिथे होते, व्यायामाशी संबंध पीटीच्या तासापुरता.

मूळ ग्रीक. गिम्नॉस म्हणजे उघडा, नागडा. ग्रीक लोक व्यायाम अंगावर काही न घालता करायचे म्हणून त्या जागेला गिम्नॅसिऑन. पण तिथेच बसून तत्त्वज्ञानी मंडळी शिकवायची पण, प्लेटोची अकादमी मुळात अशाच एका व्यायामाच्या बागेशी होती. इंग्रजांनी त्यातला व्यायाम ठेवला, जर्मनांनी शिक्षण.

आणि याच्या बरोब्बर उलटं आपल्याकडे झालंय. तालीम! अरबीत तालीम म्हणजे शिकवणं. उर्दूत आजही तालीम म्हणजे शिक्षण. मराठीत आल्यावर ती गेली नाटकवाल्यांकडे आणि पैलवानांकडे. म्हणजे व्यायामाचा शब्द जर्मनीत जाऊन शाळा झाला आणि शाळेचा शब्द पुण्यात येऊन आखाडा झाला. मला हे सुचलं तेव्हा लकडी पुलावर सिग्नलला थांबले होते आणि एकटीच हसले, शेजारचा पीएमटीचा कंडक्टर बघत राहिला.

गोट्या_कोथरूड
म्हणजे जिमचा अर्थ नागडं आणि खाना म्हणजे घर. डेक्कनच्या सभासदांना कळवू का?

नेटकी_बाई
अरे मूळ गेंद आहे म्हणून वर एवढं लिहिलंय ना त्यांनी. वाच.

जुना_वस्ताद
तालमीचं नाव निघालं म्हणून लिहितो, टायपिंग हळू आहे, सांभाळून घ्या. पेठेतल्या तालमीत वाढलो आम्ही. चिंचेची, नगरकर, गोकुळ वस्ताद ही नावं अजून आहेत पण आतली माती किती ठिकाणी उरली ते ज्यानं त्यानं जाऊन बघावं. जिम निराळं तालीम निराळी. तालमीत हौदा असतो. त्याच्यात तांबडी माती, ती चाळून घ्यायची, मग ताक, तेल, हळद, लिंबू, कापूर घालून मळायची, आणि रोज कुणीतरी पोरानं फावड्यानं सगळा हौदा खणायचा. नवा पोरगा आला की पहिले पुष्कळ दिवस कुस्ती नाहीच, खणणं. तोच व्यायाम. अंगात रग आली की मग वस्ताद हात मिळवायला देणार. जिममधे आरसा असतो, तालमीत मारुती असतो, बघायचं तर त्याच्याकडे.

जर्मनवाली बाईंनी सांगितलं तालीम म्हणजे शिक्षण ते आम्हाला नवीन नाही वाटलं. वस्ताद म्हणजेच उस्ताद, शिकवणारा. हे पोरांना आम्ही सांगतच होतो की इथे अंग कमवायला येऊ नका, शिकायला या.

जिमखाना आमच्या टायमाला नदीपलीकडच्या लोकांचा. पांढरी पँट, टेनिस. आम्ही पूल ओलांडून जायचो ते मॅच बघायला, झाडावर बसून.

भांबुर्डेकर
वस्ताद, दंडवत. पण जिमखान्याच्या बाजूने थोडं बोलतो नाहीतर वाटेल तिथे नुसती पांढरी पँटच होती. डेक्कन जिमखाना निघाला १९०६ साली, स्वदेशीच्या दिवसांत, तेव्हा तो भाग म्हणजे गावाबाहेरची मोकळी जमीन. गोऱ्यांच्या जिमखान्यात आपल्याला आत घेत नाहीत तर आपला आपण काढू हा विचार. आणि तिथे देशी खेळही होते. खो-खोचे नियम कागदावर आणायच्या कामात डेक्कन जिमखान्याचं नाव घेतलं जातं, तसंच बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्याचं. विचार करा, रॅकेट कोर्टाचं नाव आणि त्याखाली खो-खो.

दुसरं म्हणजे ऑलिंपिक. सर दोराबजी टाटा डेक्कन जिमखान्याचे अध्यक्ष होते, तिथल्या स्पर्धांत त्यांनी खेड्यातली पोरं अनवाणी पळताना पाहिली आणि त्यांच्या वेळा बघून त्यांच्या डोक्यात आलं की ही पोरं बाहेर का जाऊ नयेत. १९२० ला अँटवर्पला भारताचा पहिला संघ गेला तो त्यांच्या खटपटीतून आणि बराचसा त्यांच्या पैशातून. सहा जण होते. बेळगावचा फडेप्पा चौगुले मॅरेथॉनमधे एकोणिसावा आला. आणि वस्ताद, तुमच्यासाठी मुद्दाम, कुस्तीत रणधीर शिंदे चौथा आला, पदक थोडक्यात हुकलं.

जुना_वस्ताद
शिंद्यांचं नाव ऐकून आहे. चौथा म्हणजे लहान गोष्ट नाही, गादीवरची कुस्ती ती, आपली मातीची सवय.

टेकडीवरची
भांबुर्डेकर, "गोऱ्यांनी आत घेतलं नाही म्हणून आपला काढला" इथवर बरोबर, पण गोष्ट तिथे थांबत नाही. पळवणकर बाळूंचं नाव इथे यायला हवं. चांभार समाजातले, डावखुरे स्पिनर, आणि त्यांची सुरुवात आपल्या पुण्यातच. आधी पारशांच्या क्लबात खेळपट्टीवर रोलर फिरवायचं काम, महिना तीन रुपये. मग युरोपियनांच्या पूना क्लबात, चार रुपये. काम काय तर रोलर, खुणा आखणं, नेट लावणं आणि साहेबांना सरावासाठी बॉल टाकत राहणं. ग्रेग म्हणून मोठा बॅट्समन होता, त्याला तासन्‌तास टाकायचे, आणि असं सांगतात की आउट केलं की तो आठ आणे द्यायचा. बॅट मात्र कुणी कधी हातात दिली नाही. गोऱ्यांना हरवायचं म्हणून मग पुण्याच्या हिंदूंच्या संघानं त्यांना घेतलं, त्यावरही आधी वाद घालून, आणि चहाच्या वेळेला हे पॅव्हेलियनबाहेर, वेगळ्या मातीच्या कपात. १९११ ला इंग्लंडच्या दौऱ्यावर याच माणसानं शंभरावर विकेटी काढल्या.

मुंबईत तर पारशी जिमखाना, हिंदू जिमखाना, इस्लाम जिमखाना, मरीन ड्राइव्हला ओळीनं उभे आहेत आणि बॉम्बे जिमखाना गोऱ्यांचा. १९३३ च्या डिसेंबरात भारतातली पहिली कसोटी त्याच बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर झाली, लाला अमरनाथांनी शतक ठोकलं, ज्या क्लबात एरवी त्यांना सभासद करून घेतलं नसतं. खाना म्हणजे घर, आणि घर म्हटलं की दार येतं आणि दारावर कोण उभंय हे पण येतं. शब्दाचा इतिहास सांगायचा तर हा पण सांगा, नुसता गेंद नको.

शब्दखोर
पूर्ण मान्य. आणि गेंदखाना म्हणणारी जी चेंडू आणून देणारी पोरं मी वर लिहिली, बाळू त्यांच्याच रांगेतले.

मु_पो_नारायणपेठ
असेच गेलेले अजून शब्द टाका की, गप्पा छान चालल्यात. माझ्याकडून डूलाली. इंग्रजीत डोकं फिरलेल्याला डूलाली म्हणतात. तो म्हणजे आपला नाशिकजवळचा देवळाली! तिथे परतीच्या बोटीची वाट बघत सोल्जर पडून असायचे, काही काम नाही, उन्हाळा, मलेरिया, डोकं फिरायचं. पूर्ण शब्द डूलाली टॅप, आणि टॅप म्हणजे आपला ताप.

गोट्या_कोथरूड
मुंगूस पण! इंग्रजीतला मंगूस मराठीतनंच घेतलाय, डिक्शनरीत चक्क मराठी लिहिलंय. बाराखडीची शप्पथ.
आणि बॅडमिंटनचं आधीचं नाव पूना होतं, हे तरी खरं का?

टेकडीवरची
इथल्या गोऱ्या लोकांत त्या खेळाला पूना म्हणायचे हे खरं. बॅडमिंटन हे नाव तिकडच्या एका ड्यूकच्या बंगल्याचं.
माझा आवडता बंडगार्डन. नवीन आलेल्यांना वाटतं तिथे कुणी बंड केलं. बंड म्हणजे बंध, बांध. मुळा-मुठेवर जमशेटजी जीजीभाईंच्या देणगीतून बांध घातला, इंग्रजांनी आपल्याकडचा बंद उचलून त्याचा बंड केलेला, त्याच्या बाजूची बाग ती बंडगार्डन. शब्द आपला, साहेबाकडे जाऊन आला आणि आपल्याला ओळखू येईना.

नेटकी_बाई
धागा भरकटतोय. जिमखान्यावर या.

आकुर्डीचा_अभि
मी कॉलेजला आहे, मला यातलं काहीच माहीत नव्हतं. आमच्यासाठी जिमखाना म्हणजे फी च्या पावतीवरची ओळ. ट्यूशन फी, लायब्ररी फी, जिमखाना फी, पर्यावरण का कायतरी फी. दरवर्षी भरतो. जिमखाना म्हणून जी खोली आहे तिला कुलूप, आत एक कॅरम, त्याला सोंगट्या नाहीत, आणि किल्ली ज्या सरांकडे ते परीक्षेच्या ड्यूटीवर. कॉलेजचं नाव घेत नाही, शेवटचं वर्ष राहिलंय.
पण वर्षातनं एकदा जिमखाना डे असतो तेव्हा टी-शर्ट मिळतो.

शब्दखोर
अभि, तुझं कॉलेज दोन्ही अर्थ सांभाळून आहे बघ. कुलूप लावलेला तो जागेचा अर्थ, आणि डे हा साहेबाचा भरवायचा अर्थ. आयआयट्यांत तर स्टुडंट्स जिमखाना म्हणजे विद्यार्थ्यांच्या निवडणुका, नाटक, वादविवाद, सगळंच त्यात येतं. तिथे नुसता वादविवाद करूनही पोरगा जिमखान्याचा पदाधिकारी असतो.

मु_पो_नारायणपेठ
आणि पुण्यात तिसरा अर्थ, वस्ती. जुनी माणसं "जिमखान्यावर राहतात ते" असं म्हणायची. पेठेत राहतात, कॅम्पात राहतात, पण जिमखान्यावर. वर का, तर गावाबाहेरचं मोकळं माळरान होतं तेव्हाचं ते वर, टेकडीवर शेतावर म्हणतो तसं. त्या वर मध्ये थोडा टेंभापण होता, आमच्या आईच्या तोंडी "जिमखान्यावरची सून" म्हणजे हिला चुलीसमोर बसता येणार नाही असा अर्थ निघायचा.

आता सगळे नुसतं डेक्कन म्हणतात. डेक्कन म्हणजे अख्खं दख्खन पठार, आणि पोरं म्हणतात "डेक्कनला उतर, मी आलोच". मेट्रो तेवढी पूर्ण नाव घेते.

जर्मनवाली
रिक्षावाल्याला "जिमखाना" सांगून बघा, तो विचारतो कुठला, पीवायसी का डेक्कन का पूना क्लब. म्हणजे त्याच्या लेखी तो अजून जागेचाच शब्द आहे, आणि मीटरचा.

जुना_वस्ताद
सगळं वाचलं. एक शंका राहिली. सरेकर ताईंनी लिहिलंय घोड्यावर बसून संगीत खुर्ची. पोती जमिनीवर. मग गाणं थांबलं की पोत्यावर बसतो कोण, पोरगं का घोडं?

सरेकर_मावशी
वस्ताद, गाणं थांबलं की तट्टावरून खाली उडी मारायची, लगाम न सोडता त्याला ओढत पळायचं आणि आपण पोत्यावर पाय ठेवायचा. तट्टू मागे उभं राहिलं तरी चालतं. लगाम सुटला की बाद. त्या दिवशी जिंकली ती मगाचचीच गवतवाली, कारण तिचं तट्टू पोत्याजवळ आपणहून थांबलं, तिथेही गवत होतं.